बाँडमधला पाना

सांगलीला समुद्र नाही, ही माहिती मला आजवर पुष्कळ लोकांनी मोठ्या काळजीनं दिली आहे. विशेषतः हळदीकुंकवात. "तुम्ही काय करता?" असं कुणी विचारलं, की मी म्हणायची, "कस्टमची कागदपत्रं." मग समोरची बाई जरा पुढं सरकायची आणि आवाज खाली आणून विचारायची, सोन्याची बिस्किटं पाहिलीत का हो? नाही पाहिली. सगळी नोकरी झाली, पण बिस्किट काही नशिबात नव्हतं. मी पाहिले ते विट्याच्या मागांचे सुटे भाग, मिरजेच्या दवाखान्यांची यंत्रं, फाउंड्रीत वितळवायला आणलेलं भंगार आणि द्राक्षावर मारायची औषधं. त्यातलाही बराचसा माल मी फक्त कागदावरच पाहिला.

आमचं काम सांगायला सोपं आहे. परदेशातून माल उरणच्या बाजूला बंदरात उतरतो. तो कुणाचा, कुठला, किती, कितीचा आणि कशासाठी, हे सरकारला सांगायचं, सरकारनं कर मागितला की तो भरायचा आणि माल सोडवायचा. हे सांगण्यासाठी चार-पाच कागद लागतात. विकणाऱ्याचं बिल, पेट्यांची यादी, जहाजाची पावती, विम्याचा कागद, माल ज्या देशात तयार झाला तिथला दाखला. या सगळ्यांनी एकच बोललं पाहिजे. एका कागदात 'पेटी' आणि दुसऱ्यात 'बंडल' असलं, तरी माल बंदरात पडून राहतो आणि मालकाचा फोन मात्र मला येतो.

त्या मूळ देशाच्या दाखल्यावरून आठवलं. परदेशातून पंप मागवणाऱ्या कडेगावकडच्या एका नव्या गिऱ्हाइकाला मी फोनवर सांगितलं होतं, "मूळ ठिकाणाचा दाखला लागेल." गृहस्थ दुसऱ्या दिवशी सकाळीच हजर. हातात ग्रामपंचायतीचा, शिक्क्यासकट रहिवासी दाखला. मी म्हटलं, अहो, तुमचा नव्हे, पंपाचा. त्यावर ते म्हणाले, "पंप इटलीचा हाय, पर ऱ्हाणार कडेगावातच की." मला हसू आवरेना, आणि त्यांचं काही फार चुकलं होतं असंही वाटेना.

या धंद्यात मी टिकले ती निव्वळ चौकसपणामुळं. जगातल्या प्रत्येक वस्तूला कस्टमच्या पुस्तकात एक आकडा असतो. खोट्या दाढ्या, पिसं आणि कापडी फुलं एकाच प्रकरणात नांदतात. आपल्या सांगलीच्या हळदीला त्यांनी केशराच्या मांडीला मांडी लावून बसवलं आहे. द्राक्ष आणि बेदाणा शेजारी शेजारी. हे पुस्तक मी कादंबरी वाचावी तसं वाचलेलं आहे. भाजी आणायला गेले तरी डोक्यात आकडे चालू असायचे. घरच्यांनी माझी यथेच्छ थट्टा केली. हातात लाटणं घेतलं, की मुलगी विचारायची, "आई, याचा नंबर काय?" आणि मला तो येत असायचा.

आता खरी हकीकत सांगते. तिच्यासाठी 'बाँड' म्हणजे काय ते आधी सांगायला हवं.

समजा, तुम्ही परदेशातून यंत्र मागवलं, पण तुमची शेड अजून उभी राहिलेली नाही. यंत्र लागायच्या आधीच कर कशाला भरायचा? मग तुम्ही सरकारला हमी लिहून देता, ते हमीपत्र म्हणजे बाँड, आणि माल परवानगी असलेल्या गोदामात ठेवता. पाहिजे तेव्हा कर भरायचा आणि माल न्यायचा. फार रेंगाळलात तर व्याज. तोवर माल तुमचा, पण त्यातला खिळासुद्धा बाहेर नेता येत नाही. पूर्वी अशा गोदामांना दोन कुलपं असायची, एक मालकाचं आणि एक कस्टमच्या साहेबांचं. दोघं आल्याशिवाय दार उघडायचं नाही. आता आमच्याकडच्यासारख्या गोदामांवरचं साहेबांचं कुलूप गेलं. नोंदी नीट ठेवायच्या आणि साहेब येतील तेव्हा माल जागेवर दाखवायचा, एवढंच उरलं. सारी भिस्त किल्ली सांभाळणाऱ्या माणसावर.

सांगलीबाहेरच्या औद्योगिक वसाहतीतल्या अशा एका गोदामाची किल्ली हवालदारांकडं होती. माण तालुक्यातला माणूस, सैन्यातून निवृत्त झालेला. त्यांच्या गावचे बहुतेक पुरुष मुंबईला; हे फौजेत गेले आणि उतरत्या वयात इथं आले. गेटवरची त्यांची शिस्त कडक. आत जाणाऱ्याची पिशवी तपासायची, बाहेर येणाऱ्याचीही तपासायची. माझी पर्स त्यांनी इतक्या वेळा उघडून बघितली आहे, की तिच्यात काय असतं हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक. मी एकदा वैतागून म्हटलं, हवालदार, मी रोजची आहे हो. ते म्हणाले, "रोजच्यांचीच तपासायची असती, ताई. नवा मानूस भितो."

या गोदामात कुंडलच्या आप्पांचं यंत्र येऊन पडलं. आप्पा बेदाणा करणारे. यंत्र मोठं नवलाचं होतं. वरून बेदाणा सोडायचा, आत कॅमेरे एकेक दाणा बघणार आणि काळा पडलेला दाणा वाऱ्याच्या फुंकरीनं बाजूला उडवणार. मी त्याची चित्रफीत इतकी बघितली, की आप्पांनी विचारलं, तुम्हीच घेताय काय? शेड अर्धवट होती, विजेची जोडणी यायची होती, म्हणून यंत्र बाँडमध्ये ठेवलं. बेदाण्याचा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडाशी, त्यामुळं सवड होती.

मधे खंडेनवमी आली.

आपल्याकडं त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडतात, हे वाचकांना सांगायला नको. आप्पांच्या घरी खुरपं, कोयता, द्राक्षाच्या छाटणीच्या कात्र्या, औषध मारायच्या पंपाची नळी, सगळं मांडतात. त्यांच्या आईंनी, जिजींनी, विचारलं की नवं यंत्र कुठं आहे. सांगलीला गोदामात आहे म्हटल्यावर जिजी म्हणाल्या, मग तिथं जाऊन पूजा करू. मालकाला आपला माल बघायची कायद्यानं मुभा असते, त्यामुळं आप्पांना नाही म्हणायला सबब सापडेना. ते आईला, नारळ-झेंडूला घेऊन गोदामात आले.

हवालदारांनी पिशवी तपासून त्यांना आत घेतलं. फौजेत त्यांनी स्वतः दरसाल बंदुकांची पूजा केलेली. खंडेनवमीला हत्याराची पूजा करू नका, हे त्यांच्या तोंडून निघणार कुठून? पहार लावून लाकडी पेटीची एक फळी काढली. जिजींनी यंत्राला हळदकुंकू वाहिलं, हार घातला, तांदूळ वाहिले, नारळ फोडला. हवालदारांनीही हात जोडले. मग फळी पुन्हा ठोकली. जाताना हवालदारांनी पिशवी परत तपासली. तीत तांब्या, उदबत्तीचा पुडा आणि करवंटी, एवढंच होतं.

दिवाळी झाल्यावर साहेब तपासणीला आले. तरुण अधिकारी, मूळचे बिहारचे, मराठी शिकायची हौस असलेले. मी कागद घेऊन हजर होते. आप्पांच्या पेटीपाशी ते थबकले. फळीवर कुंकवाची पाच बोटं, खिळे नवे. साहेबांनी विचारायच्या आत हवालदारांनी सगळं सांगून टाकलं. साहेब हसले, पण पेटी उघडायला लावली आणि यादी घेऊन एकेक नग मोजू लागले. यंत्राबरोबर अवजारांची एक छोटी पेटी होती. आत निळा फोम, त्यात प्रत्येक पान्याच्या आकाराचा खड्डा, आणि खड्ड्यात पाना. एक खड्डा रिकामा होता.

साहेबांचं हसू गेलं. किंमत पान्याची नव्हती. कर न भरता माल बाहेर गेला होता; पाना गेला तर उद्या यंत्रही जाईल, आणि त्यांनी काय म्हणून सह्या करायच्या? त्यांनी हवालदारांना विचारलं, बाहेर जाताना झडती घेतली होती? घेतली. काही सापडलं? नाही. मग पाना कुठं गेला?

हवालदारांनी किल्ली काढून साहेबांपुढं धरली. मग म्हणाले, "कुलूप माजं हाय. माज्या कुलपातनं गेलं, म्हंजी मीच जबाबदार."

साहेबांनी आठवड्याच्या आत खुलासा मागितला. गोदामाच्या मॅनेजरनं घाबरून हवालदारांना तोवर घरी बसायला सांगितलं. घर म्हणजे वसाहतीमागची भाड्याची खोली. मी भेटायला गेले, तर त्यांनी ट्रंक आवरायला घेतली होती. मी म्हटलं, गावी निघालात की काय? ते म्हणाले, "चोरीचा शिक्का घिऊन गावात कसा जाऊ, ताई? पोरं फौजेत हायती. गावात मला हवालदार म्हंत्यात." खोली सोडायचं ठरलं होतं, पण जायचं कुठं ते ठरलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. या माणसानं कुणाचा खिळा उचलला नव्हता, हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक होतं. पण ठाऊक असण्याचा कागद काढता येत नाही.

आप्पांनी तोडगा काढला: मिरजेच्या बाजारातून तसलाच पाना आणू आणि हळूच ठेवून देऊ, मोजताना चुकलं म्हणू. हवालदारांनी साफ नकार दिला. ते म्हणाले, त्यानं खड्डा भरंल, माजं गेल्यालं नाव काय भरून येनार न्हाई.

माझ्या डोक्यात मात्र वेगळाच किडा वळवळत होता. एवढ्या मोलाच्या यंत्रातून कुणी एकच पाना का नेईल? चोरायचं तर अख्खी अवजारांची पेटी होती. ज्यानं नेला त्याला त्या पान्याचा काही तरी उपयोग होता, आणि तो नट आवळण्याचा नव्हता. पूजेला आत कोण कोण होतं? आप्पा, हवालदार आणि जिजी. पुरुषांना सगळं विचारून झालं होतं. जिजींना कुणीच विचारलं नव्हतं. उगीच काळजी नको म्हणून आप्पांनी घरी ही भानगड सांगितलीच नव्हती.

मी विजेच्या जोडणीच्या कागदांचं निमित्त करून कुंडलला गेले. जिजींनी चहा दिला. मी सरळ विचारलं, जिजी, पूजेच्या दिवशी यंत्रातलं काही आणलं होतं का?

"आनलं की," जिजी म्हणाल्या. "बग चल."

देवघर जिजींचं, आप्पा तिकडं फारसे फिरकत नसत; तिथं पाट अजून तसाच होता. बाकीची हत्यारं दसऱ्याला उचलून कामाला लागली होती. पाटावर एकटा पाना, हळदकुंकवात माखलेला, चकचकीत. त्याच्यावर परदेशी अक्षरं.

"खंडेनवमीला घरातलं हत्यार घरात पायजे," त्या मला समजावून सांगू लागल्या. "एवढं धूड घरी कसं आनायचं? म्हून त्याचं ल्हान हत्यार आनलं. टरकवाला गाडीवर आसला की त्याची बायकू घरात पान्याची पूजा करती, तसं. आता दसऱ्याला हत्यार उचलून कामाला लावायचं आसतं. यंत्रच आलं न्हाई, तर उचलू कसा? आलं की उचलीन."

मी थक्क झाले. त्यांच्या हिशेबानं सगळं रीतसर होतं. मालक तेच, माल त्यांचाच, आणि नेला तो देवापुढं. कस्टमच्या हिशेबानं हाच बाँडमधून माल काढण्याचा गुन्हा होता. दोन्ही हिशेब मला पटत होते, हीच अडचण होती. मी त्यांना हवालदारांचं सांगितलं. जिजींनी हातातली कपबशी खाली ठेवली.

"घरी बशिवलं? माज्यापायी? आन् ह्या आप्पानं मला सांगितलं बी न्हाई?" त्या उठल्याच. "गाडी काढ म्हनावं."

दुसऱ्या दिवशी गोदामात साहेब, आप्पा, हवालदार, जिजी आणि मी असे जमलो. जिजींनी खणात गुंडाळलेला पाना टेबलावर ठेवला आणि साहेबांना म्हणाल्या, "आवं सायेब, नेला त्यो मी. त्या मान्सानं तर माजी पिशवी बी तपासली हुती."

साहेबांचं तिथंच अडलं. पिशवी तपासली, मग पाना बाहेर कसा गेला? जिजींनी पदर पुढं घेतला आणि दाखवला. आप्पा आणि हवालदार फळी ठोकायला खिळे शोधत होते, तेवढ्यात त्यांनी पेटीतला पाना काढला होता; खोबऱ्याची वाटी, तांदूळ आणि पाना, सगळा प्रसाद पदरात घेऊन, गाठ मारून त्या गेटातून चालत गेल्या होत्या. लपवायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

साहेबांनी हवालदारांकडं पाहिलं. "पदर नाही तपासला?"

"न्हाई सायेब. पिशव्या तपासतो."

साहेब मनानं चांगले होते. त्यांच्या मुलखातही यंत्रांची पूजा होते, फक्त दिवस वेगळा. तसं ते म्हणाले आणि पान्यावरचं कुंकू अगदी निरखून बघितलं. पाना खरा, यादीतला, परत आलेला. त्यांनी जिजींचा जबाब घेतला, आप्पांना आणि गोदामाला समज द्यायचं आणि नियमाप्रमाणं जो काही दंड बसेल तो लावायचं ठरवलं. सगळे मोकळे झाले असं वाटलं. तेवढ्यात ते म्हणाले, हवालदारांना परत घ्यायचं, तर एक लेखी हमी हवी. यापुढं बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाची पूर्ण झडती घेईन, कुणालाही सूट नाही. त्यात पदर आलाच.

मी मजकूर लिहून हवालदारांपुढं ठेवला. त्यांनी तो सावकाश वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"बाईमान्साच्या पदराला मी हात लावनार न्हाई, सायेब. जे करनार न्हाई त्येच्यावर सही बी करनार न्हाई."

आप्पा त्यांच्या कानाशी लागले, सही करून टाका, कोण बघतंय. मीही मनातल्या मनात तेच म्हणत होते. साहेबांचा चेहरा ताठ झाला. त्यांचंही बरोबर होतं, पदराला सूट दिली तर उद्या पदरातून काय जाईल याचा जाब त्यांनाच विचारला जाणार. बाई शिपाई नेमायची तर मॅनेजर कधीच कबूल होणार नव्हता. म्हणजे हवालदारांवरचा चोरीचा शिक्का पुसला गेला होता आणि नोकरी चालली होती. ते आपल्या टोपीकडं बघत उभे राहिले.

जिजी मधेच उठल्या. दोन्ही हातांनी पदर पसरून त्यांनी तो टेबलापुढं झटकला. कालपरवाचा एखादा तांदळाचा दाणा फरशीवर पडला.

"ह्येला हात कशाला लावाय लागतोय?" त्या म्हणाल्या. "जिचा पदर तिनं झाडावा. आन् ज्या बाईला झाडाय लाज वाटंल, तिला सोडू नका."

साहेब त्या दाण्याकडं बघत राहिले, मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मॅडम, ये लिखिए."

मी लिहिलं: गोदामातून बाहेर पडणाऱ्या महिला गेटवर स्वतःचा पदर अथवा ओढणी स्वतः झटकून दाखवतील. नोकरीभर मी हजारो वाक्यं लिहिली असतील, सगळी ठरलेल्या साच्यातली. हे एकच वाक्य कुठल्या साच्यात नव्हतं, आणि मला अजून त्याचा अभिमान वाटतो. त्याखाली हवालदारांनी सही केली, पूर्ण नावानिशी.

पुढं शेड उभी राहिली, वीज आली, आप्पांनी कर भरला आणि मी यंत्र सोडवण्याचा अर्ज केला. हल्ली तो कुठल्या गावच्या साहेबांच्या संगणकाच्या पडद्यावर जातो हे आपल्याला कळतही नाही. मंजुरी आली, ट्रक लागला. यंत्र न्यायला जिजी जातीनं आल्या होत्या. हार, नारळ, सगळं झालं. ट्रक गेटाबाहेर पडला आणि मागून जिजी गेटाशी आल्या. कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी पदर सोडला आणि झटकला.

हवालदार मात्र तोवर पाठ फिरवून भिंतीकडं तोंड करून उभे होते. जिजी "झालं बग रं" म्हणाल्या, तेव्हा ते वळले, त्यांनी गेट उघडलं आणि जिजींना वाकून नमस्कार केला.

जिजी गेल्यावर मला राहवेना. मी म्हटलं, हवालदार, तुम्ही तर बघितलंच नाही. मग झडती कसली झाली?

"त्यांनी झाडला न्हवं?" ते म्हणाले. "मग बगाय कशाला लागतंय."

मग त्यांनी माझ्या पर्ससाठी हात पुढं केला. मी ती दिली. त्यांनी ती नेहमीसारखी आतून-बाहेरून तपासली, परत केली आणि पुन्हा भिंतीकडं वळले. मी ओढणी झटकली आणि त्यांना सांगितलं, झालं म्हणून.